छप्पर, गायरान आणि खतावणी

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी खानदेशातील पेढ्यांवर आजही वहीपूजन होते. हिशेब संगणकात गेला त्याला बरीच वर्षे झाली. तरीही लाल कापडी बांधणीची एक नवी वही पाटावर ठेवली जाते, कुंकवाने स्वस्तिक रेखले जाते, ‘शुभ’ आणि ‘लाभ’ हे दोन शब्द लिहिले जातात, आणि मगच नव्या वर्षाचा पहिला आकडा मांडला जातो. आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाला ह्या वहीविषयी मोठा जिव्हाळा वाटतो. बखरकार आपल्या धन्याची थोरवी गातो. रोजमेळ लिहिणाऱ्या मुनिमाला मात्र तशी सवड नसते. कापसाचा भाव काय पडला, बैलगाडीचे भाडे किती दिले, कोणाची हुंडी परत आली, हे तो त्याच दिवशी लिहून मोकळा होतो.

ह्या वहीत एक उणीव मात्र पूर्वापार राहिली आहे. जे पैसे देऊन विकत घेतले, तेवढेच तिच्यात नोंदले गेले. कापूस वाहून आणणारे बैल ज्या गायरानात चरत, त्या गायरानाचे खाते कोणत्याही पेढीच्या खतावणीत सापडत नाही. ज्या डोंगरामुळे विहिरीला पाणी राहत होते, त्या डोंगराच्या नावे कधी रक्कम पडली नाही. वाऱ्याला, उन्हाला, नदीला ‘नावे’ आणि ‘जमा’ हे रकाने नव्हते.

आज हा विषय काढण्याचे कारण आपल्या दाराशी आलेले आहे. जळगाव, भुसावळ, धुळे, दोंडाईचा येथील व्यापारी कुटुंबांपुढे सध्या दोन प्रस्ताव येतात. पहिला, घराच्या किंवा गोदामाच्या छपरावर सौर संच बसवावा. दुसरा, तालुक्याच्या बाजूला जमीन घेऊन किंवा असलेली जमीन भाड्याने देऊन मोठ्या सौर प्रकल्पात भाग घ्यावा. दोन्हींची जाहिरात एकाच शब्दांत होते: स्वच्छ ऊर्जा, खात्रीचा परतावा. सनदी लेखापाल ह्या दोन्हींचे गणित एकाच कोष्टकात मांडून दाखवील. इतिहास मात्र ह्या दोन गुंतवणुका वेगवेगळ्या पानांवर लिहावयास सांगतो. तसे का, हे पाहण्यासाठी आपल्याला आधी घरातील चुलीपाशी जावे लागेल.

चुलीखालची जमीन

आपल्या आजी-पणजीच्या घरात ऊर्जा कोठून येत होती? पाणी तापवण्यासाठी तांब्याचा बंब होता आणि त्यात लाकडाच्या ढलप्या पडत. स्वयंपाकाला सरपण, गोवऱ्या आणि कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या पऱ्हाट्या. ज्यांच्या घरी उकाळलेल्या पाण्याचा नियम होता, तेथे एक चूल केवळ पाण्यासाठीच जळत असे. गावोगाव लाकडाच्या वखारी होत्या, आणि त्यांपैकी काही आपल्याच मंडळींच्या होत्या. ही सारी उष्णता जमिनीच्या पृष्ठभागावरून येत होती: सातपुड्याच्या रानातून, शेताच्या बांधावरून, गायरानात चरलेल्या जनावरांच्या शेणातून.

इंग्लंडचे आर्थिक इतिहासकार ई. ए. रिग्ली ह्यांनी औद्योगिक क्रांतीचा उलगडा नेमका ह्याच मुद्द्यावरून केला. कोळशापूर्वीच्या जगात अन्न, वैरण, वस्त्र आणि इंधन ह्या चारही गरजा एकाच जमिनीवर अवलंबून होत्या; इंधनाला जागा द्यावी तर धान्याची जागा कमी होई. रिग्ली ह्यांचा ठोकळ हिशेब असा, की एक एकर राखलेले जंगल वर्षाला जेवढे सरपण देते, तेवढी उष्णता सुमारे एक टन कोळशातून मिळते. इ. स. १८०० च्या सुमारास ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे दीड कोटी टन कोळसा निघत होता. म्हणजे खाणींनी त्या देशाला दीड कोटी एकर अदृश्य जंगल मिळवून दिले होते. ऊर्जा जमिनीवरून जमिनीखाली गेली, आणि वरची जमीन इतर कामांसाठी मोकळी झाली.

खानदेशात हा बदल उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी आला. १८६० च्या दशकात आगगाडी भुसावळपर्यंत पोहोचली. पुढे घरांत रॉकेलचे दिवे आले, स्टोव्ह आले. वाकोदच्या भवरलाल जैन ह्यांनी १९६३ मध्ये कुटुंबाच्या साठवलेल्या सात हजार रुपयांच्या भांडवलावर जो पहिला व्यापार सुरू केला, तो रॉकेलचाच होता. त्याच दशकात भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र उभे राहिले. त्यानंतर स्वयंपाकाचा गॅस आला आणि वखारी एकेक करून बंद झाल्या. आपल्या पिढीला घरातील ऊर्जा भिंतीतून आणि नळीतून येते असे वाटू लागले. तिच्यामागे जमीन असते, ही जाणीवच पुसली गेली.

आता चक्र उलटे फिरत आहे. सूर्य आणि वारा ह्यांपासून वीज करावयाची, तर ऊर्जा पुन्हा जमिनीच्या पृष्ठभागावर येते. एक मेगावॉट सौर विजेसाठी साधारणतः चार ते पाच एकर जागा लागते. कोळशाने दीडदोनशे वर्षे झाकून ठेवलेला प्रश्न त्यामुळे नव्याने उघडा पडला आहे: ही जमीन कोणाची, आणि तिच्यावर आजवर कोण जगत होते?

साक्रीचे माळ

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जावयास नको. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर गेल्या वीसेक वर्षांत पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी राहिली. त्याच तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. त्याला जर्मन विकास बँकेचे कर्ज मिळाले होते. देशाच्या दृष्टीने ही अभिमानाची गोष्ट आहे. खानदेशात ऊन आणि वारा ह्यांची वाण कधीच नव्हती. आता त्यांनाही बाजारभाव आला.

परंतु सरकारी दप्तरात ‘पडीक’ म्हणून लिहिलेली जमीन गावाच्या दृष्टीने क्वचितच पडीक असते. तेथे शेळ्या चरतात, जळणाच्या काटक्या मिळतात, एखादे भूमिहीन कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या दोन बिघे कसत असते. पवनचक्क्यांसाठी वनजमिनी दिल्या गेल्या तेव्हा ह्या भागातील आदिवासी कुटुंबांचे दावे आणि प्रकल्पांची निकड ह्यांचा संघर्ष झाला, तो ह्याच कारणाने.

खाजगी जमिनीचीही गोष्ट सोपी नसते. शिंदखेडा तालुक्यातील विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील ह्यांची जमीन वीज प्रकल्पासाठी संपादित झाली. मिळालेला मोबदला अन्यायकारक आहे, हे सांगत त्यांनी कार्यालयांचे उंबरे झिजवले आणि जानेवारी २०१८ मध्ये मुंबईला मंत्रालयात विष घेतले. काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्या वर्षी हे नाव महाराष्ट्रभर गाजले. आपल्या घरात लागणाऱ्या विजेच्या दिव्यामागे एखाद्या घरातील विझलेला दिवा असू शकतो, ही जाणीव त्या घटनेने करून दिली.

इतिहासाच्या अभ्यासकाला ह्यात जुन्या घटनांचे पडसाद ऐकू येतात. १८१८ मध्ये इंग्रजांनी खानदेश घेतला, तेव्हा येथे लागवडीखालची जमीन थोडी आणि रान फार अशी स्थिती होती. कंपनी सरकारने मोजणी सुरू केली. १८५२ मध्ये सावदा, यावल, फैजपूर, एरंडोल ह्या भागांत शेतकऱ्यांनी ह्या नव्या मोजणीला उघड विरोध केला आणि सरकारला फौज आणावी लागली. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, कापसाला सोन्याचे मोल आले. रान मोडून कापूस पेरला गेला. १८७८ च्या वन कायद्याने उरलेल्या जंगलाभोवती सरकारी सीमा आखल्या. प्रत्येक वेळी देशाच्या उत्पन्नात भर पडली असेल. पण प्रत्येक वेळी सामाईक रान थोडे आक्रसले, आणि त्याची नोंद कोणत्याच वहीत झाली नाही.

इंग्लंडमध्येही असेच घडले होते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत तेथील गावांची सामाईक कुरणे कुंपणे घालून खाजगी करण्यात आली. त्यामुळे शेती सुधारली, हे त्याचे नेहमीचे समर्थन. रॉबर्ट ॲलन ह्या आर्थिक इतिहासकारांनी शेकडो शेतांचे आकडे तपासून दाखवले, की उत्पादनातील वाढ समजली जाते त्यापेक्षा बरीच बेताची होती. मुख्य बदल झाला तो उत्पन्न कोणाच्या हाती जाते ह्यात. कुंपणाने पीक फारसे वाढले नाही, खंड वाढला. गुंतवणूक करणाऱ्याने हा फरक ओळखावयास हवा. काही परतावा नवीन संपत्ती निर्माण झाल्यामुळे येतो. काही परतावा दुसऱ्याच्या ताटातून आपल्या ताटात आलेला असतो. वहीत दोन्ही ‘जमा’ ह्या एकाच रकान्यात बसतात.

फडाचा हिशेब

मग सामाईक गोष्ट सांभाळताच येत नाही काय? १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन ह्या अमेरिकी शास्त्रज्ञाने तसेच म्हटले होते. कुरण सर्वांचे असेल तर प्रत्येक जण एक जनावर जास्त सोडील आणि अखेरीस कुरण नष्ट होईल. म्हणून ते सरकारच्या तरी ताब्यात हवे किंवा खाजगी मालकीचे तरी, असा त्याचा युक्तिवाद. एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या विदुषीने जगभरची कुरणे, कालवे, जंगले आणि मासेमारीची ठिकाणे अभ्यासून दाखवले, की लोक स्वतः नियम करून सामाईक संपत्ती शतकानुशतके टिकवतात. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

ह्या सिद्धान्ताचा पुरावा पांझरेच्या काठी तीनशेहून अधिक वर्षे उभा आहे. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम ह्या नद्यांवर जी फड पद्धत चालत आली, तिच्याविषयी आपल्यातील अनेकांनी ऐकले असेल. तिची रचना मात्र एखाद्या मुरब्बी व्यापाऱ्यानेही अभ्यासावी अशी आहे.

नदीवर दगडी बंधारा. त्यातून निघालेला पाट. पाटाखालच्या साऱ्या क्षेत्राचे तीन किंवा चार भाग, म्हणजे फड. एका फडात एका वर्षी एकच प्रकारचे पीक: एकात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात पावसाळी पीक, पुढच्या वर्षी पाळी फिरते. बहुतेक कुटुंबांची थोडीथोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असते. पाऊस कमी झाला, तर गावाचे पंच बसून ठरवतात, की ह्या वर्षी अमुक फडाला पाणी द्यावयाचे आणि अमुक कोरडा ठेवावयाचा. जमीन विभागलेली असल्यामुळे तोटाही सर्वांच्या वाट्याला सारखा येतो. एक कुटुंब बुडाले आणि शेजारचे तरले, असे होत नाही. पाणी फिरवण्यासाठी पाटकरी आणि बारेकरी, देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या. त्यांचे मोल गावानेच द्यावयाचे. पाटातील गाळ काढण्यासाठी लाभधारकांनी स्वतः किंवा आपला माणूस पाठवून हजर राहावयाचे.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे, तर येथे चार गोष्टी एकत्र आल्या आहेत. भागीदार कोण, हे पक्के ठरलेले. नफा-तोट्याची वाटणी आधीच लिहिलेली. घसाऱ्याची तरतूद दरवर्षी प्रत्यक्ष श्रमाने केलेली. आणि हिशेब पाहणारा माणूस भागीदारांनाच जबाबदार. एवढी नीट बांधलेली भागीदारी आपल्या बाजारपेठेतही विरळाच.

पुढे भारतरत्न झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये तरुण अभियंता म्हणून मुंबई इलाख्याच्या नोकरीत दाखल झाले, तेव्हा त्यांची नेमणूक धुळ्याला झाली होती. साक्रीजवळ दातर्ती येथे पांझरेच्या प्रवाहाखालून पाणी नेणारी नळवाट त्यांनी भर पावसाळ्यात पुरी केली. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी जी ‘ब्लॉक पद्धत’ आणली, तिच्यातही क्षेत्राचे गट पाडून पिकांची पाळी ठरवण्याची कल्पना आहे. फडाशी असलेले तिचे साम्य डोळ्यांत भरण्यासारखे आहे.

आज फडांचे क्षेत्र पूर्वीसारखे राहिलेले नाही. नदीच्या वरच्या अंगाला धरणे झाली, काठावर मोटारी बसल्या, ज्याच्या-त्याच्या विहिरीमुळे पाळीची गरज संपल्यासारखे वाटले. बंधारे अजून आहेत. जेथे पंच बसत नाहीत, तेथे ते नुसते दगड आहेत.

उजाड डोंगरावरची मुदतठेव

जुने मोडले, एवढ्यावर गोष्ट संपत नाही. त्याच साक्री तालुक्यात पश्चिमेच्या डोंगरात बारीपाडा नावाचा छोटा आदिवासी पाडा आहे. १९९० च्या सुमारास भोवतालचे डोंगर तोडीने उघडे पडले होते, आणि बायकांना पाण्यासाठी दूरवर पायपीट करावी लागे. गावातील सुशिक्षित तरुण चैत्राम पवार ह्यांनी नोकरीची वाट न धरता गावाला एकत्र बसवले. नियम झाले: ओले झाड तोडावयाचे नाही, रानाची राखण पाळीपाळीने करावयाची, नियम मोडणाऱ्याला दंड, मग तो आपल्याच घरचा का असेना. ओढ्या-नाल्यांवर दगडमातीचे बांध घातले. हळूहळू सुमारे ४४५ हेक्टर जंगल पुन्हा उभे राहिले, विहिरींना पाणी टिकू लागले, एका पिकाच्या ठिकाणी दोन पिके निघू लागली. रानभाज्यांचा महोत्सव पाहण्यासाठी आता दूरदूरची माणसे त्या पाड्यावर जातात. २०२५ मध्ये चैत्राम पवार ह्यांना पद्मश्री जाहीर झाली.

ह्या गावाने गुंतवलेले भांडवल रोख नव्हते. ते होते संयम. काही वर्षे झाड न तोडणे म्हणजे हातातोंडाशी आलेले उत्पन्न सोडणे. मुदतठेव ठेवणारा माणूस ह्याहून वेगळे काय करतो? बारीपाड्याची ठेव सामाईक नावावर होती आणि तिचे व्याज पाण्याच्या रूपाने मिळाले, एवढाच फरक.

खानदेशाला अशा ठेवीचे मोल खरे तर सर्वांत आधी कळावयास हवे. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा छप्पन्याचा दुष्काळ मारवाड आणि गुजरातप्रमाणेच खानदेशालाही भोवला. कितीतरी घरांत त्याच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. १९७२ चा दुष्काळ तर आपल्या वडीलधाऱ्यांनी स्वतः पाहिलेला. आता ऋतूंचे तंत्रच बिघडत चालले आहे. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. रावेर-यावलच्या केळीबागा कधी उष्ण वाऱ्याने करपतात, तर कधी पावसाच्या तोंडी सुटणाऱ्या वादळाने एका तासात आडव्या होतात. ह्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हवामानाला मात्र मानांकन ठाऊक नाही. बागेसाठी कर्ज दिलेल्या पेढीला आणि खते-औषधे उधार दिलेल्या दुकानाला ही जोखीम आता प्रत्यक्ष आपल्या वसुलीत दिसते.

स्वस्त ऊर्जेचा मोह

येथे कोणी म्हणेल, की मग सूर्याची वीज जेवढी वाढेल तेवढे चांगलेच. बहुतांशी ते खरे आहे. तरीही एका सावधगिरीचा इशारा १८६५ मध्येच देऊन ठेवलेला आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स ह्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशावर एक ग्रंथ लिहिला. वाफेची यंत्रे सुधारली, कमी कोळशात जास्त काम होऊ लागले. मग कोळशाचा खप कमी व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात तो वाढला, कारण स्वस्त झालेली शक्ती लोकांनी अधिक ठिकाणी वापरली.

तापीच्या गाळाच्या पट्ट्यात हेच पाण्याच्या बाबतीत घडले. मोटारी सुधारल्या, विंधणविहिरी आल्या, ठिबकने प्रत्येक झाडाचे पाणी वाचले. वाचलेल्या पाण्यावर नवी बाग उभी राहिली, आणि रावेर-यावल भागात भूजल खोल जात राहिले. दोष ठिबकचा नाही. तिच्यामुळेच ही शेती तगली. परंतु जमिनीखालचे पाणी हीदेखील सामाईक मालमत्ता आहे, आणि तिला फडासारखे पंच नाहीत. २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ ह्या योजनेत शेतकऱ्याला सर्वसाधारणपणे किमतीच्या केवळ दहा टक्के भरावे लागतात. दिवसा वीज मिळते, बिल येत नाही. रात्री-अपरात्री पाणी भरण्याचा, साप-विंचवाचा धोका टळतो. हे मोठे सुख आहे. मात्र बिल न येणारी मोटार बंद करण्याचे कारण शेतकऱ्याला कोण देणार? ते कारण गावानेच ठरवलेल्या पाळीतून यावे लागेल.

धीराचे भांडवल

गुंतवणुकीच्या इतिहासात आपल्या व्यापारी समाजाचे दोन धडे ठळक आहेत. कापसाच्या तेजीत मुंबईत पैशाचा पूर आला. सुरतेहून आलेले प्रेमचंद रायचंद हे जैन व्यापारी त्या बाजाराचे राजे मानले जात. समुद्र हटवून मिळावयाच्या, अजून पाण्याखाली असलेल्या जमिनीचे शेअर कित्येक पटींनी विकले गेले. १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले, कापूस कोसळला आणि मोठमोठ्या पेढ्या झोपल्या. प्रेमचंदांचे वैभव ओसरले. त्यांच्या देणगीतून उभा राहिलेला, त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई मनोरा मात्र आजही मुंबई विद्यापीठात उभा आहे.

दुसरा धडा आपल्या अमळनेरचा. १९४५ मध्ये तेथे वनस्पती तुपाचा एक कारखाना निघाला. तीच पुढची विप्रो. गावातील अनेक सामान्य कुटुंबांनी तिचे शेअर घेतले आणि पेटीत ठेवून दिले. त्यांच्या नातवंडांना त्याचे काय फळ मिळाले, हे खानदेशात सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या धड्यात घाई होती, दुसऱ्यात धीर.

आता आपल्या छपराकडे पाहू. तीन किलोवॉटच्या संचाला साधारण तीनशे चौरस फूट जागा लागते. खानदेशच्या उन्हात तो दिवसाला सरासरी बारा युनिटांच्या आसपास वीज देतो, म्हणजे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत अशा संचाला ७८ हजार रुपये अनुदान आहे. वीज वापरणाऱ्या मध्यम कुटुंबाचा उरलेला खर्च चार ते सहा वर्षांत वसूल होतो आणि पट्ट्या पुढे पंचवीस वर्षांपर्यंत चालतात. त्यांवरची धूळ मात्र वेळोवेळी पुसावी लागते आणि मधल्या काळात इन्व्हर्टर बदलावा लागतो. ही घसाऱ्याची तरतूद सुरुवातीलाच धरावी. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरात स्वयंपाकाची बरीचशी ऊर्जा दिवसाउजेडीच लागते. त्यांच्या दिनचर्येला सौर वीज आपोआप जुळते.

परंतु ह्या गुंतवणुकीचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य कोष्टकात दिसत नाही. छप्पर ही अशी जागा आहे, जेथे कोणाचीही गाय चरत नाही. ते घेतल्याने कोणी विस्थापित होत नाही, कोणाचा दावा बुडत नाही. घरे, गोदामे, जिनिंगचे कारखाने, तेलगिरण्या, धान्याची कोठारे, शाळा, धर्मशाळा ह्यांची छपरे मोजली, तर आपल्या समाजाकडे किती ‘बिनवादाची जमीन’ आहे, हे ध्यानात येईल.

म्हणूनच छपराचे पान वेगळे आणि माळरानाचे वेगळे. मोठ्या प्रकल्पांची देशाला गरज आहे. सगळी वीज छपरावर होणार नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरवर्षी तीन टक्के वाढ ठरलेली आहे. हे भाडे मालकाला मिळते; तीच जमीन वाट्याने कसणाऱ्याला काही मिळत नाही. सरकारी व गायरान जमिनीवरील प्रकल्पांच्या बाबतीत ग्रामपंचायतीला सामाजिक कामांसाठी वर्षाला पाच लाख, तेही तीन वर्षेच. विजेचा करार मात्र पंचवीस वर्षांचा. फड बांधणाऱ्या पंचांसमोर हा करार ठेवला असता, तर त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला असता: उरलेली बावीस वर्षे गावाचा वाटा कोठे आहे? अशा प्रकल्पात पैसे घालणाऱ्या आपल्या माणसांनीही तो विचारावा. जमीन आधी कोण वापरत होते, ग्रामसभेत ठराव झाला काय, गुरांना पर्यायी चराई राखली काय, गावाला दरवर्षी काही भाग मिळतो काय, हे चार प्रश्न सात-बाराच्या उताऱ्याइतकेच महत्त्वाचे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनी गावालाच राहिल्या पाहिजेत, असे बजावले आहे. न्यायाचा विचार बाजूला ठेवला, तरी असे प्रश्न न विचारता केलेली गुंतवणूक वादात अडकते आणि परतावा लांबतो.

सुटलेला रकाना

उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या संपत्तीची मोजदाद आहे. चार कोटी सुवर्ण निधानात, चार कोटी व्याज-व्यापारात, चार कोटी घरदाराच्या पसाऱ्यात, आणि दहा हजार गायींचा एक असे चार व्रज. गुंतवणुकीची इतकी नेटकी विभागणी आजचा सल्लागारही सुचवील. ह्या संपत्तीला आनंदाने मर्यादा घातली, ती परिग्रह-परिमाण व्रताने. त्याच सूत्रात श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांची यादी आहे, आणि तिच्यात कोळसा पाडणे, रान तोडणे, वणवा लावणे, सरोवरे-तलाव आटवणे हे धंदे स्पष्टपणे आले आहेत. जे सर्वांचे आहे त्याचा नाश करून मिळणारा नफा त्या काळीही नफा मानला गेला नव्हता.

ह्या मोजदादीत एक गोष्ट लक्षात येते. गायी मोजल्या आहेत. त्या ज्या रानात चरत, ते रान मोजलेले नाही. ते आनंदाचे नव्हतेच. ते सर्वांचे होते आणि कायम राहील, असे त्या काळी गृहीत धरता येत होते. आपल्याला ती सोय उरलेली नाही.

येत्या वहीपूजनाला नव्या वहीत एक खाते जास्त उघडावे. आपल्या घराला आणि व्यापाराला वर्षभरात कोणत्या सामाईक गोष्टींचा आधार मिळाला, ते ‘जमा’च्या बाजूला लिहावे: कोणत्या नदीचे पाणी, कोणत्या माळावरचा वारा, कोणत्या गावाची जमीन. ‘नावे’च्या बाजूला आपण त्यांच्यासाठी काय खर्चले, ते लिहावे: एखाद्या बंधाऱ्याचा गाळ, पांजरापोळीच्या कुरणाची राखण, गोदामाच्या छपरावरचा संच, एखाद्या पाड्याच्या रोपवाटिकेला मदत. पहिल्या वर्षी हे खाते जुळणार नाही. व्यापाऱ्याचा मुलगा मात्र न जुळलेला हिशेब तसाच सोडून उठत नाही, हे संस्कार आपल्या घरांत आहेत.